ध्वजदिनाच्या डब्याला गुण नकोत

हिवाळी सत्राचे वेळापत्रक मेसबाहेरच्या फलकावर लागले की आमच्याकडे थंडी अधिकृतपणे सुरू होते. यंदा ते नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लागले. पहाटेच्या पी.टी.ला जर्सी घालायची परवानगी मिळाली, मेसमध्ये रात्री गरम दूध सुरू झाले, आणि कोकणातून या वर्षी आलेल्या सहावीच्या मुलांनी आपल्या तोंडातून वाफ निघताना पहिल्यांदाच पाहिली. त्यांतल्या एकाने मला विचारलेसुद्धा, "सर, हे रोज होणार का?" होणार, फेब्रुवारीपर्यंत होणार.

मराठी पान वाचणारे बहुतेक पालक दोन रात्रींच्या रेल्वेप्रवासावर राहतात. म्हणून आधी बातम्या सांगतो. क्रॉस कंट्री शर्यत पार पडली. आमचे सदन तिसरे आले. एकही मुलगा शर्यत अर्धवट सोडून बसला नाही. ४ डिसेंबरला नौसेना दिनानिमित्त व्याख्यान आहे. १६ डिसेंबरला विजय दिवस, सकाळी शाळेच्या स्मारकापाशी पुष्पचक्र. त्यानंतर आंतरसदन बॉक्सिंग, आणि मग हिवाळी सुटी. गाड्या धुक्यामुळे उशिरा धावतात, तेव्हा परतीचे आरक्षण शाळा उघडण्याच्या आदल्या रात्रीचे करू नका, एक दिवस हाताशी ठेवा. जानेवारीत १४ तारखेला संक्रांत, दुसऱ्या दिवशी सेना दिन, मग २६ जानेवारीचे संचलन. ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता हुतात्म्यांसाठी दोन मिनिटांचे मौन. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा याच धामधुमीत आहेत. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या भित्तिपत्रकासाठी मजकूर संक्रांतीपर्यंत माझ्याकडे द्यावा.

एक ओळ मी मुद्दाम मागे ठेवली आहे. फलकावर तीन रकाने आहेत: तारीख, कार्यक्रम आणि गुण. त्यात असे लिहिले आहे: ७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन निधी संकलन (आंतरसदन), गुण १०.

या ओळीतला शेवटचा रकाना पुसावा, असे माझे मत आहे. आणि हे मत मांडताना आधी कबूल केले पाहिजे की तो रकाना माझ्याच सूचनेवरून आला.

काही वर्षांपूर्वी ध्वजदिनाचा डबा प्रत्येक सदनाच्या दारात ठेवला जायचा आणि आठवड्याने जवळजवळ तसाच परत यायचा. सदनप्रमुखांच्या बैठकीत मी म्हणालो, "याला गुण द्या, मग बघा." मी गणिताचा शिक्षक. आकडा लावला की मुले हलतात, हा माझा रोजचा अनुभव. गुण दिले आणि त्याच वर्षी रक्कम कित्येक पटींनी वाढली. सगळे खूश झाले. मीही झालो.

मागच्या वर्षी आमचे सदन पहिले आले. असेंब्लीत नाव पुकारले तेव्हा मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यानंतर दोन दिवसांनी रात्री मला एका पालकांचा फोन आला. त्यांचा मुलगा सातवीत, माझ्याच सदनात.

"सर, एक विचारायचं होतं. पोरगं रविवारच्या फोनवर म्हणत होतं, ध्वजदिनाला प्रत्येकी पाचशे द्यायचेत. मी पाठवतो म्हणून सांगितलं त्याला. पण या महिन्यात जरा ओढाताण आहे. पुढच्या महिन्यात पाठवले तर चालतील का?"

मी म्हणालो, असा कोणताही हुकूम नाही, आणि संकलन तर संपलेही.

"हुकूम नाही ते ठाऊक आहे, सर. पण मोठ्या मुलांनी त्याच्या नावावर भरलेत म्हणे. ते फेडायला हवेत." मग थोडे थांबून ते म्हणाले, "मी नायक म्हणून बाहेर पडलो. थोरलीच्या शिक्षणाच्या मदतीचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दिलाय. ते पैसे ह्याच फंडातून येतात. म्हणून नाही म्हणायलाही जीभ रेटत नाही."

मला काय उत्तर द्यावे ते सुचेना. पैसे पाठवू नका, एवढेच सांगितले.

दुसऱ्या दिवशी चौकशी केली. डॉर्मिटरीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. त्यावर सगळ्यांची नावे आणि पुढे रकमा. ज्यांच्या पुढे काही नव्हते त्यांच्या नावाला पेन्सिलने गोल. हे काम बारावीच्या एका कॅडेटचे होते. चांगला मुलगा, उत्तम धावपटू. त्याला बोलावले तेव्हा तो गोंधळून गेला. "सर, क्रॉस कंट्रीला आपण हेच करतो ना? मागे कोण आहे ते बघायचं आणि त्याला ओढून घ्यायचं." त्याचे काही चुकले नव्हते. आम्ही त्याला जे शिकवले तेच त्याने नेमकेपणाने केले होते. चुकला होता तो फलकावरचा रकाना.

हा दिवस आहे कशासाठी, ते आपण दरवर्षी सांगतो, पण घाईत. स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांनी, ऑगस्ट १९४९ मध्ये, संरक्षणमंत्र्यांच्या समितीने ठरवले की ७ डिसेंबर हा दिवस दरवर्षी ध्वजदिन म्हणून पाळायचा. नागरिकांना छोटे ध्वज द्यायचे आणि त्यांच्याकडून देणगी घ्यायची. ध्वजावरचा लाल रंग भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिकट निळा वायुदलाचा. उद्देश तीन: युद्धात अपंग झालेल्यांचे आणि वीरांच्या कुटुंबांचे पुनर्वसन, सेवेत असलेल्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे कल्याण, माजी सैनिकांचे आणि त्यांच्या कुटुंबांचे कल्याण. पुढे १९९३ मध्ये अनेक लहान निधी एकत्र करून आजचा सशस्त्र सेना ध्वजदिन निधी झाला. त्याचे काम केंद्रीय सैनिक बोर्ड पाहते. निवृत्तिवेतन नसलेल्या वृद्ध माजी सैनिकाला आधार, जवानाच्या मुलांच्या शिक्षणाला मदत, मुलीच्या लग्नाला मदत, ही त्याची रोजची कामे. पुण्याजवळ खडकीला आणि पंजाबात मोहालीला पाठीच्या कण्याच्या इजेने चाकाच्या खुर्चीला खिळलेल्या जवानांची पुनर्वसन केंद्रे आहेत. त्यांनाही या निधीतून साहाय्य मिळते.

पुनर्वसन हा शब्द मुलांना कोरडा वाटतो. त्यांना मी मुरलीकांत पेटकर यांचे नाव सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा जवान १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कायमचा अपंग झाला. पुढे पोहायला लागला. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्याने ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला त्या स्पर्धेतले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. गोळी लागणे आणि पदक मिळणे यांच्यामध्ये सात वर्षे आहेत. त्या सात वर्षांत जखमी माणसाला जे काही लागते, त्याची तजवीज म्हणजे पुनर्वसन. प्रत्येक जखमी जवान पदक आणत नाही. आणायलाही नको. त्या मधल्या वर्षांत त्याला कोणापुढे हात पसरावा लागू नये, एवढ्यासाठी हा डबा आहे.

आता माझ्या सहकाऱ्यांचे आक्षेप. ते खरे आहेत, म्हणून एकेक घेतो.

पहिला: गुण काढले तर रक्कम घटेल. घटेल, हे मलाही दिसते. पण वाढलेली रक्कम कोठून आली तेही पाहा. आमच्या शाळेतल्या निम्म्याहून अधिक मुलांचे वडील फौजेत आहेत किंवा होते. मुलाने घरी फोन केला, वडिलांनी पैसे पाठवले, ते डब्यात पडले. म्हणजे जवानाच्या खिशातून निघून जवानाच्याच निधीत गेले. नागरिकांनी सैनिकांसाठी काही करावे म्हणून जो दिवस ठरला, त्या दिवशी आम्ही सैनिकांकडूनच वर्गणी गोळा केली आणि वर त्याची ट्रॉफी वाटली. महाराष्ट्रात दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याला या निधीचा इष्टांक ठरवून दिला जातो. त्याला माझी हरकत नाही. तिथे मोठी माणसे आहेत, पगारदार कचेऱ्या आहेत. बारा वर्षांच्या मुलाच्या नावापुढे इष्टांक लिहिणे ही वेगळी गोष्ट आहे.

दुसरा: ही सैनिकी शाळा आहे, स्पर्धेशिवाय मुले जीव ओतत नाहीत. ओततात. ३० जानेवारीच्या मौनाला गुण नाहीत. भोंगा वाजतो आणि स्वयंपाकघरातला कढईतला झारासुद्धा थांबतो. विजय दिवसाच्या पुष्पचक्राला गुण नाहीत. गेल्या वर्षी त्या सकाळी इतके धुके होते की स्मारक दहा पावलांवरून दिसत नव्हते, तरी एकाही मुलाचा पाय हलला नाही. धावणे, मुष्टियुद्ध, कवायत यांत चुरस असावी, जोरात असावी. तिथे दुसऱ्यापेक्षा पुढे जाणे हाच खेळ आहे. देताना शेजाऱ्यापेक्षा जास्त देणे हा खेळ होत नाही. तो कमी देणाऱ्याचा अपमान होतो.

तिसरा आक्षेप माझ्याच सदनातून आला आहे, आणि तो सगळ्यात प्रामाणिक आहे. चॅम्पियनशिप ट्रॉफीत आम्ही या घडीला सहा गुणांनी मागे आहोत. ध्वजदिनाचे दहा गुण आमचे, असे मुलांनी धरूनच ठेवले होते. सदन कॅप्टन मला म्हणाला, "सर, पुढच्या वर्षीपासून काढा ना." मी त्याला म्हणालो, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुठल्या तरी सदनाचा कॅप्टन हेच म्हणेल. तो हसला नाही. दोन दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलत होता.

गुण काढायचे तर त्या जागी काय करायचे, तेही मी लिहून दिले आहे. डबे सदनांच्या दारातून उचलावेत. शाळेचा एकच सीलबंद डबा असावा आणि जाहीर व्हावी ती फक्त शाळेची एकूण रक्कम. ध्वजदिनाच्या आठवड्यातल्या रविवारी आठवीच्या वरच्या कॅडेटनी गणवेशात, शिक्षकांसोबत, बाजारपेठेत आणि कचेऱ्यांत जावे, लोकांना ध्वज लावावा आणि तीन रंग कशाचे ते एका वाक्यात सांगावे. ज्याने पैसे दिले नाहीत त्यालाही ते वाक्य सांगून पुढे जावे. आणि शाळेच्या आसपास जे वृद्ध माजी सैनिक राहतात त्यांची यादी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून मागवून, त्यांतल्या ज्यांची इच्छा असेल त्यांना १६ डिसेंबरच्या सकाळी स्मारकापाशी पहिल्या रांगेत बसवावे. १९७१ साली ढाक्याला शरणागती झाली तेव्हा जे तरुण जवान होते ते आज सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांना इथवर यायला आणखी किती हिवाळे जमेल?

पालकांना एक विनंती. रविवारच्या फोनवर मुलाने ध्वजदिनासाठी पैसे मागितले तर पाठवू नका. तुम्हाला द्यायचेच असतील तर आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात द्या आणि पावती घ्या. मुलाला एवढेच सांगा की आपण दिले. किती, ते सांगू नका. आणि तुमच्यापैकी कोणी त्या निधीची मदत घेत असेल तर त्यात ओशाळण्यासारखे काही नाही. ती मदत तुम्ही सेवेत असतानाच कमावलेली आहे.

सदनप्रमुखांची बैठक डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी आहे. प्राचार्यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि म्हणाले, आधी पत्रिकेत लिहा, लोक काय म्हणतात ते पाहू. म्हणून हे लिहिले. कॅडेट मित्रांनो, तुमचे मत माझ्याविरुद्ध असेल तर तेही सोमवारच्या आत लिहून माझ्या टेबलावर ठेवा. नाव घालायचे की नाही ते तुमच्यावर. मी ती पत्रे बैठकीत वाचून दाखवीन.

सातवीतला तो मुलगा आता आठवीत आहे. परवा फलकासमोर उभा राहून तो वेळापत्रक वहीत उतरवून घेत होता. तारीख आणि कार्यक्रम त्याने लिहिले. गुणांच्या रकान्यापाशी तो थांबला आणि मला म्हणाला, "सर, हे पेनने लिहू की पेन्सिलने?"

मी म्हणालो, "सोमवारपर्यंत पेन्सिलने लिही."