बेंट्सच्या किल्ल्यातला नाताळ

डिसेंबर लागला की अमेरिकेतल्या जुन्या किल्ल्यांमध्ये नाताळनिमित्त ‘जिवंत इतिहास’ दाखवतात. त्या काळच्या पोशाखातली माणसे, लोहाराचा भाता, मेणबत्त्यांचा उजेड आणि मुलांची गर्दी. कोलोरॅडोतल्या ला हुंटा गावाजवळचा बेंट्स ओल्ड फोर्ट त्यांपैकीच एक. मुलाबाळांकडे डेन्व्हरच्या बाजूला गेलेल्या सभासदांनी जमले तर तो जरूर पाहावा. आपल्या बेळगावकरांच्या नजरेला तिथे एक गोष्ट चटकन टोचेल.

हा किल्ला कुणा राजाचा नव्हे, व्यापाऱ्यांचा. विल्यम व चार्ल्स बेंट हे भाऊ आणि त्यांचा भागीदार सेरन सेंट व्रेन यांनी तो १८३३ च्या सुमारास कच्च्या मातीच्या विटांनी बांधला. शेजारून आर्कान्सा नदी वाहते. तेव्हा नदीच्या अलीकडे अमेरिका, पलीकडे मेक्सिको! शायेन आणि अरापाहो लोक गव्यांची कातडी घेऊन इथे येत. विल्यमची बायको आउल वुमन शायेनच होती. स्वयंपाकघर शार्लट ग्रीनच्या ताब्यात. तिच्या हातच्या चवीचे मोठे नाव होते; पण ती आणि तिचा नवरा डिक हे बेंट कुटुंबाचे गुलाम होते.

मूळ वास्तू १८४९ मध्ये उद्ध्वस्त झाली. आज दिसते ती १९७६ ची प्रतिकृती, एबर्ट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने घेतलेल्या मोजमापांवरून उभारलेली. तिथे दाखवतात तो काळ १८४६ चा. निवड सोयीची आहे, कारण तोवर सगळे एका तटात नांदत होते. त्याच उन्हाळ्यात कर्नीची अमेरिकन फौज इथूनच सांता फेवर चालून गेली. जानेवारी १८४७ मध्ये न्यू मेक्सिकोचा गव्हर्नर झालेला चार्ल्स बेंट ताओसच्या उठावात मारला गेला. १८४८ च्या तहाने सीमा शेकडो मैल दक्षिणेला सरकली. माणसे होती तिथेच राहिली, देश बदलला. १ नोव्हेंबर १९५६ पाहिलेल्या घरांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पुढचे अधिक भयंकर आहे. २९ नोव्हेंबर १८६४ ला सँड क्रीकच्या काठी सैनिकांनी शायेन-अरापाहोंच्या वस्तीची कत्तल केली. त्या वस्तीत विल्यमचे दोन मुलगे होते आणि तिसऱ्याला सैन्याने बळजबरीने वाटाड्या केले होते.

हे सगळे तिथे येणाऱ्या मुलांना सांगायचे की नाही, हा आज तिथला राजकीय प्रश्न आहे. २७ मार्च २०२५ च्या अध्यक्षीय आदेशानंतर राष्ट्रीय उद्यानांत व स्मारकांत फलक लागले. पूर्वजांविषयी ‘नकारात्मक’ मजकूर दिसला तर कळवा, असे आवाहन त्यांवर होते. त्याआधी फेब्रुवारीत उद्यान सेवेतले सुमारे १,००० कर्मचारी कमी केले होते. पुढे १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकारी कामकाजच ठप्प राहिले.

या बातम्या सुट्या सुट्या वाचल्या जातात. मला त्या एकच वाटतात. भिंतीवरचा मजकूर वरून मंजूर होऊन येतो, हवा तेव्हा उतरवताही येतो. पोशाखातल्या माणसाला मात्र एखादी सात वर्षांची मुलगी विचारते, “शार्लटला पगार किती मिळायचा?” आणि त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. असा माणूसच कमी झाला, किंवा नोकरीच्या धाकाने गप्प बसू लागला, तर उरतात मेणबत्त्या.

आपल्याकडची पोरे दिवाळीत चिखलमातीचे किल्ले करतात. वर महाराज, पहाऱ्याला मावळे आणि पायथ्याशी गवळण, भाजीवाली. ही पोरे इतिहास शिकलेल्या मोठ्यांपेक्षा उदार आहेत, असे कधी कधी वाटते. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे, सफा मशीद आहे. उद्या कुणी तिथे १८१८ चा इंग्रजांचा वेढा उभा करायचे ठरवले, तर तटाच्या आतल्या माणसांना आपण कोणकोणत्या भाषांत बोलू देऊ?