स्वस्त मका आणि पिवळी कलेजी



परतीच्या पावसात भिजलेला मका बाजारात स्वस्त मिळतो आणि घरीच खाद्य तयार करणारे ब्रॉयलरपालक तो आवडीने घेतात. "कोंबडीला काय कळतंय साहेब, उकिरड्यावरचं खाते ती," असे मला फिरतीवर नेहमी ऐकायला मिळते. पण उकिरड्यावरची गावठी कोंबडी निवडून खाते. शेडमधल्या पिलाला निवड नाही, भांड्यात पडेल तेच त्याच्या पोटात जाते.

1960 साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची लाखभर पिले मेली. रोग काही ओळखू येईना. शेवटी दोष सापडला तो ब्राझीलहून आणलेल्या भुईमुगाच्या पेंडीत. पेंडीवरच्या बुरशीने विष तयार केले होते, त्यालाच आज अफ्लाटॉक्सिन म्हणतात. आपल्या शेजारी, गुजरातच्या पंचमहाल व राजस्थानच्या बांसवाडा भागात, 1974 साली बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. तेव्हा ही गोष्ट कोंबडीपुरती समजू नका.

विष जास्त असले की मर दिसते. थोडे असले की मर होत नाही, आणि खरी फसगत तिथेच होते. पिले खातात पण अंग धरत नाहीत, कळपात लहानमोठी दिसू लागतात. रोगप्रतिकारशक्ती दबल्यामुळे राणीखेत, गंबोरोची लस वेळेवर टोचूनही नीट लागू पडत नाही. मग आपण लसीला नावे ठेवतो! अशा वेळी मेलेले पिलू पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून उघडून घ्यावे. कलेजी सुजलेली, पिवळट आणि बोटाने दाबताच तुटणारी निघाली तर खाद्यावर संशय घ्यावा. (पहिल्या काही दिवसांच्या पिलाची कलेजी मुळातच पिवळसर असते, त्याने घाबरू नये.)

आता हिशेब पाहा. हजार पक्षी दोन-दोन किलोचे करायला, किलो वजनाला 1.7 किलो खाद्य धरले तर 34 क्विंटल खाद्य लागते आणि त्यात निम्म्याहून जास्त मका असतो. तेच प्रमाण 1.9 वर गेले तर 4 क्विंटल खाद्य जादा जाते. स्वस्त मक्यात किती वाचले, ते यापुढे मांडून बघा.

"उन्हात वाळवला, चाळला, आता काय होतंय?" असेही विचारतात. वाळवल्याने बुरशीची वाढ थांबते, आधी तयार झालेले विष मात्र तसेच राहते. चाळणीने फुटके दाणे व चुरा निघून जातो. विष त्यातच जास्त असल्याने तेवढा फायदा होतो, पण माल निर्दोष होत नाही. खाद्यात मिसळायची बेंटोनाइटसारखी माती पक्ष्याच्या आतड्यात हे विष धरून ठेवते, असे संशोधनात दिसून आले आहे. डॉक्टरांना विचारून ती जरूर वापरा, मात्र तिच्या भरवशावर काळा पडलेला मका घेऊ नका.

मका घेताना ओलावा पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. मीठ तव्यावर गरम करून कोरडे करून घ्या. कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा मका आणि चमचाभर मीठ घालून चांगले हलवा व पाव तास ठेवा. काचेला मीठ चिकटले तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे, माल साठवणीला नको. साठवायचा मका 12 टक्क्यांच्या आसपास वाळलेला हवा. पोती जमिनीवर टाकू नयेत, फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर रचावीत. करारावर पक्षी पाळणाऱ्यांना खाद्य तयार येते, पण त्यांच्या शेडचे पत्रे गळत असतील तर बुरशी तिथेही येणारच.

खराब निघालेला मका गाईम्हशींपुढे टाकू नका, ते विष दुधात उतरते आणि तेच दूध घरातली मुले पितात. तो सरळ खताच्या खड्ड्यात घालून वर माती लोटावी, म्हणजे परड्यातल्या कोंबड्या तो उकरून खाणार नाहीत.