टीव्हीवर माणसे पसरट का दिसतात?



रेशनकार्ड, विजेचे बिल, बँकेचे पासबुक असे घरगुती प्रश्न आपण या सदरात पाहत आलो आहोत. या वेळचा प्रश्न टीव्हीचा आहे. पेनड्राइव्ह लावला की माणसे बुटकी आणि जाडी दिसतात. कधी डोकी कापली जातात. कधी चित्र मधोमध पाकिटाएवढे होते आणि चारी बाजूंनी काळे राहते. कुणी म्हणतो टीव्ही बिघडला, कुणी म्हणतो फाइल खराब आहे. काहीजण तर हप्त्यावर नवा टीव्ही घ्यायला निघतात. आमचे सांगणे असे की, थोडे थांबा. बहुतेक वेळा टीव्हीही चांगला असतो आणि फाइलही चांगली असते. सेटिंग तेवढे चुकलेले असते.

हा प्रश्न नुसत्या करमणुकीचा असता तर आम्ही त्यावर लेखणी झिजवली नसती. आमच्या वस्तीतल्या एका आजींच्या घरी १९९१ च्या जन्मशताब्दी मिरवणुकीची कॅसेट होती. नातवाने ती पेनड्राइव्हवर करून आणली. मिरवणुकीत लेझीम खेळणारे आजोबा दिसताच आजी म्हणाल्या, "ह्ये आमचं मालक न्हाईत. ते उंच व्हते, काटक व्हते. ह्ये बुटकं कोन?" नातू म्हणाला, "आजी, आजोबाच हायेत ते. टीव्ही रुंद हाय, म्हणून तसं दिसतंय." आजींना फरक कळला, कारण त्यांनी माणूस पाहिला होता. नातवाने आजोबांना कधीच पाहिले नव्हते. त्याच्यापुरते टीव्हीवर दिसले तेच आजोबा. म्हणून हा विषय नीट समजून घेणे जरूर आहे.

मुळात भानगड काय आहे?

शाळेत आपण गुणोत्तर शिकलो. तेच येथे आहे. चित्राची रुंदी आणि उंची यांच्या गुणोत्तराला ॲस्पेक्ट रेशो म्हणतात. जुन्या डबा टीव्हीचे गुणोत्तर ४:३ होते, म्हणजे रुंदी चार भाग तर उंची तीन भाग. दूरदर्शनची सुरुवात १९५९ साली झाली, तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे आपण याच आकारात टीव्ही पाहिला. व्हीएचएस कॅसेटवरची लग्ने, बारशी, जयंतीचे कार्यक्रम सारे याच आकाराचे आहे.

आजचा चपटा टीव्ही १६:९ आहे. हे माप १९८० च्या दशकात केर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्याने सुचवले. जुने ४:३ चित्र आणि सिनेमाचे रुंद चित्र ही दोन्ही एकाच पडद्यावर बऱ्यापैकी बसावीत, हा त्यामागचा हिशेब होता. सिनेमा त्याहून रुंद असतो. १९५९ चा 'कागज के फूल' हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. तशा चित्रपटाची रुंदी उंचीच्या सव्वादोन पटीहून जास्त असते.

आता हिशेब करून पाहू. ३२ इंची टीव्हीचा पडदा सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच असतो. ४० सेंटिमीटर उंचीचे ४:३ चित्र फक्त ५३ सेंटिमीटर रुंद होते. उरलेल्या १८ सेंटिमीटरचे काय करायचे? त्याला तीनच वाटा आहेत.

पहिली वाट, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ सेंटिमीटर काळी पट्टी सोडायची. दुसरी वाट, चित्र आडवे ताणायचे. मग प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. तिसरी वाट, चित्र चारी बाजूंनी मोठे करायचे. मग रुंदी भरते, पण उंची ५३ सेंटिमीटर होते, त्यातले ४० दिसतात आणि चित्राचा चौथा हिस्सा वरून-खालून कापला जातो. डोकी जातात ती अशी.

पुष्कळांना काळी पट्टी खपत नाही. पैसे ३२ इंचाचे मोजले, मग पडदा रिकामा का ठेवायचा, असे वाटते. परंतु काळी पट्टी हे नुकसान नव्हे. तिच्यामुळे पडद्यावरचा माणूस आपल्या मापात राहतो.

वाटोळ्या वस्तूची परीक्षा

चित्र खरे की ताणलेले हे डोळ्यांनी ठरवू नका, डोळ्यांना हळूहळू सवय होते. मुलांची फूटपट्टी घ्या. चित्रात समोरून दिसणारी वाटोळी वस्तू शोधा. जेवणाचे ताट, घड्याळ, झेंड्यावरचे किंवा मंचामागच्या पडद्यावरचे चक्र, काहीही चालेल. तेथे चित्र थांबवा आणि रुंदी व उंची मोजा. पट्टी हलकेच धरा, पडद्यावर दाबू नका.

दोन्ही मापे सारखी आली तर आकार बरोबर आहे. उंची १५ आणि रुंदी २० सेंटिमीटर आली, तर ४:३ चित्र १६:९ मध्ये ताणले गेले आहे. उलट उंची २० आणि रुंदी १५ आली, तर रुंद चित्र ४:३ मध्ये दाबले गेले आहे. त्यात माणसे काठीसारखी उंच दिसतात. उंची १६ आणि रुंदी १५ असा थोडासाच फरक आला, तर दोष फाइलमधल्या नोंदीत असण्याचा संभव आहे. त्याचे पुढे सांगतो.

चूक कोठे आहे ते आधी शोधा

कचेरीत ताळेबंद जुळला नाही की आम्ही कारकून लोक व्हाउचर फाडत नाही. आधी खतावणी पाहतो, मग रोजकीर्द, आणि अगदी शेवटी मूळ व्हाउचर. येथेही तोच क्रम ठेवावा. मूळ फाइल हे व्हाउचर समजा. तिला शेवटपर्यंत हात लावायचा नाही.

प्रथम टीव्हीवर एखादे चॅनेल लावा, नंतर पेनड्राइव्हवरची दुसरी एखादी फाइल लावा. सगळेच पसरट दिसत असेल तर टीव्हीचे सेटिंग चुकले आहे. फक्त चॅनेल पसरट असतील तर सेटटॉप बॉक्स पाहा. एकच फाइल वाकडी असेल तर त्या फाइलकडे जा.

टीव्हीचे सेटिंग बदलताना ती फाइल चालू ठेवूनच बदला, कारण पुष्कळ टीव्हींत प्रत्येक जोडणीचे सेटिंग वेगळे असते. केबलचे बदलले तरी पेनड्राइव्हचे बदलत नाही. चित्राच्या सेटिंगमध्ये गेल्यावर सॅमसंगमध्ये 'पिक्चर साइझ', एलजीमध्ये 'ॲस्पेक्ट रेशो' आणि सोनीमध्ये 'वाइड मोड' असे नाव सापडेल. इतर कंपन्यांतही यापैकीच एखादे नाव असते.

आत गेल्यावर 'ओरिजिनल' किंवा 'ऑटो' असेल तर आधी ते निवडा. ते नसेल आणि चित्र जुने असेल तर '४:३' किंवा 'नॉर्मल' घ्या. 'फुल' किंवा '१६:९' हे नव्या चित्रासाठी ठीक, पण जुने चित्र त्यात ताणले जाते. 'झूम' म्हणजे कापणे. काही टीव्हींत असाही पर्याय असतो की, मधला भाग ठीक राहतो आणि कडेचा भाग ताणला जातो. त्यात चालणारा माणूस मध्यभागी सडपातळ आणि कडेला गेला की लठ्ठ दिसतो.

आकार बरोबर, पण कडेची अक्षरे थोडी कापलेली, अशी तक्रार असेल तर टीव्ही चित्राच्या कडा थोड्या बाहेर ढकलत असतो. त्यासाठी एलजीत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'फिट टू स्क्रीन' असा पर्याय आहे. तो चालू करावा.

चारी बाजूंनी काळे

हा दुहेरी घोळ आहे. सेटटॉप बॉक्स किंवा डीव्हीडी प्लेअर समजतो की टीव्ही जुना ४:३ आहे, म्हणून तो रुंद चित्राला वर-खाली पट्ट्या लावतो. टीव्ही त्याला ४:३ समजून डाव्या-उजव्या पट्ट्या लावतो. मधे उरते पाकीट. यावर झूम हा उपाय नव्हे. बॉक्सच्या किंवा प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा प्रकार १६:९ करा. डीव्हीडी प्लेअरमध्ये '४:३ पीएस' आणि '४:३ एलबी' असे जे दिसते, ते डबा टीव्हीसाठी आहे. पीएस बाजू कापतो, एलबी वर-खाली पट्ट्या देतो.

सिनेमास्कोप चित्रपटात मात्र वर-खाली पट्ट्या असणारच. ३२ इंची टीव्हीवर त्या पाच-पाच सेंटिमीटरच्या होतात. तो दोष नाही, ते तसेच राहू द्या.

एकच फाइल वाकडी असेल तर

आपल्याकडच्या पद्धतीत कॅसेट फाइलमध्ये उतरवताना चित्राचे ठिपके बहुधा आडवे ७२० आणि उभे ५७६ होतात. गंमत अशी की ४:३ चित्राचेही तेवढेच आणि १६:९ चित्राचेही तेवढेच. मग कोणत्या आकारात दाखवायचे, याची वेगळी नोंद फाइलमध्ये असते. ती नोंद नसली, चुकीची असली किंवा टीव्हीने वाचलीच नाही, की आकार बिघडतो. ठिपके जसेच्या तसे मांडले तर ४:३ चित्र किंचित अरुंद दिसते. वर १६ ला १५ चे माप सांगितले, ते हेच.

घरातल्या किंवा शेजारच्या संगणकावर व्हीएलसी हा मोफत प्लेअर घाला. फाइल चालू करून 'ए' हे अक्षर दाबत गेले की ४:३, १६:९ असे आकार बदलत जातात. यात फाइलला काही होत नाही, फक्त दाखवणे बदलते. ४:३ वर वाटोळे वाटोळेच दिसले तर फाइल शाबूत आहे, असे समजा.

मग एमकेव्हीटूलनिक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चित्राचे गुणोत्तर ४/३ लिहून नवी फाइल करता येते. चित्र पुन्हा दाबले जात नाही, म्हणून दर्जा घटत नाही. टीव्ही तीही नोंद मानत नसेल, तर हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरने ७६८ बाय ५७६ ची प्रत करावी. तेथे ठिपके चौरस होतात आणि नोंदीची गरजच उरत नाही. यात दर्जा थोडा घटतो, म्हणून मूळ फाइल पुसायची नाही.

ताणलेले परत येते, कापलेले येत नाही

या लेखातले एवढे एक वाक्य लक्षात राहिले तरी पुरे. दुकानदाराने कॅसेट उतरवताना चित्र ताणून दिले असेल, तर घाबरू नका. टीव्हीवर '४:३' निवडले की ते पुन्हा आवळले जाते आणि माणसे मूळ आकारात येतात. त्या आजींच्या पेनड्राइव्हचे तसेच झाले. त्यांच्या टीव्हीवर ४:३ केले आणि आजोबा उंच झाले.

परंतु दुकानदाराने पडदा भरावा म्हणून चित्र मोठे करून वरचा-खालचा भाग छाटला असेल, तर जगातले कोणतेही सॉफ्टवेअर तो भाग परत आणू शकत नाही. कॅसेट शाबूत असेल तरच पुन्हा उतरवता येते. तेही दिवसेंदिवस कठीण होत आहे. कॅसेटला बुरशी लागते. कॅसेट चालवणारी यंत्रे बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. चालू यंत्र असलेले दुकान शोधावे लागते. काम एकदाच होईल असे धरून चालावे.

म्हणून दुकानात कॅसेट देतानाच सांगा: "४:३ ठेवा, ताणू नका, कापू नका." शक्य तर पावतीवर लिहून घ्या. पैसे देण्यापूर्वी एक ताट किंवा चक्र मोजून पाहा. मूळ कॅसेट परत घ्यायला विसरू नका.

मोबाइलचे उभे चित्र

उभ्या मोबाइलवर घेतलेले चित्र ३२ इंची टीव्हीवर जेमतेम २२ सेंटिमीटर रुंद दिसते. तेही ताणू नका. कार्यक्रम टीव्हीवर पाहायचा असेल तर घेतानाच मोबाइल आडवा धरा. कधी माणसे टीव्हीवर आडवी झोपलेली दिसतात, कारण चित्र उभे आहे ही फाइलमधली नोंद टीव्ही वाचत नाही. तेव्हा पेनड्राइव्हऐवजी मोबाइल टीव्हीला जोडून चालवून पाहा.

शेवटी एक काम आजच करण्याजोगे आहे. घरात अशी फाइल असेल तर तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा, एक आपल्याकडे आणि एक भावाबहिणीकडे. पेनड्राइव्हला चिठ्ठी लावा: "४:३, मूळ प्रत, पुसू नये." त्याच चिठ्ठीवर साल, गाव आणि चित्रात कोण कोण आहे त्यांची नावे लिहा. नावे घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून, त्यांना विचारूनच लिहावीत.