चार किल्ले, एक खतावणी

युरोपातील मध्ययुगीन किल्ले पाहण्याची इच्छा आज अनेक कुटुंबांत बोलून दाखवली जाते. मुलांनी बुरूज, खंदक आणि उचलते पूल चित्रांत पाहिलेले असतात, वडीलधाऱ्यांना परदेशातील आप्तांना भेटायचे असते, आणि धंद्यातून दहा-बारा दिवसांची सवड वर्षातून एकदाच निघते. मग घाईघाईने आराखडा होतो : पाच देश, दहा शहरे, पंधरा किल्ले. परतल्यावर कोणता बुरूज कोणत्या गावचा, हे घरातील कोणालाही सांगता येत नाही. खरेदीची यादी लांबलचक आणि गाठीला शिल्लक काहीच नाही, असा तो व्यवहार ठरतो.

त्यापेक्षा एकाच प्रदेशातील, एकाच राजाने, एकाच हेतूने बांधलेले चार किल्ले सावकाश पाहणे अधिक श्रेयस्कर. ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स हा डोंगराळ प्रदेश आहे. त्याच्या वायव्य कोपऱ्यात कॉन्वी, कायर्नार्वन, हार्लेख आणि बोमॅरिस हे इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याचे चार किल्ले उभे आहेत. १९८६ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. व्यापारी कुटुंबांनी हेच किल्ले निवडावेत, याला आणखी एक कारण आहे. त्यांच्या बांधकामाचे हिशेब आजही जतन करून ठेवलेले आहेत. दगड कोणी घडवला, पैसा कोणी पुरवला, कोणाची मजुरी थकली, हे त्यांतून कळते.

किल्ल्यांमागचा पैसा

१२८२ च्या डिसेंबरात वेल्सचा शेवटचा स्वतंत्र राजपुत्र लुवेलिन लढाईत मारला गेला. जिंकलेली भूमी हातची जाऊ नये म्हणून एडवर्डने १२८३ पासून कॉन्वी, हार्लेख आणि कायर्नार्वन येथे एकाच वेळी कामे सुरू केली. आल्प्स पर्वताजवळच्या सॅव्हॉय प्रांतातून आलेला मास्टर जेम्स हा या कामांचा प्रमुख स्थपती. त्याला रोज तीन शिलिंग असे वेतन राजाने आयुष्यभरासाठी बांधून दिले होते. कॉन्वीचा किल्ला आणि गावाची तटबंदी यांवर चार-पाच वर्षांत सुमारे १५,००० पौंड खर्ची पडले. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती, आणि राजाच्या तिजोरीत इतकी रोकड नव्हती.

ती पुरवली इटलीतील लुका शहराच्या रिकार्डी पेढीने. १२७५ मध्ये इंग्लंडमधून निर्यात होणाऱ्या लोकरीवर दर पोत्यामागे अर्धा मार्क, म्हणजे ६ शिलिंग ८ पेन्स, अशी जकात बसवण्यात आली. ती वसूल करण्याचे काम या पेढीकडे आले. पेढीने राजाला आगाऊ रक्कम द्यावी आणि जकातीतून ती फेडून घ्यावी, असा हा व्यवहार सुमारे वीस वर्षे चालला. एडवर्डच्या वेल्समधील युद्धांना आणि किल्ल्यांना या उचलीचा मोठा आधार होता.

१२९४ मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपले. राजाने एकाएकी मोठ्या रकमेची मागणी केली. पेढीचा पैसा ठिकठिकाणी गुंतलेला होता. तो तत्काळ उभा राहिला नाही. राजाने जकात काढून घेतली आणि पेढीच्या मालमत्तेवर टाच आणली. फ्रान्सच्या राजानेही आपल्या राज्यातील त्यांची मालमत्ता जप्त केली. दोन राजांच्या भांडणात युरोपातील एक बलाढ्य पेढी काही वर्षांतच बुडाली. सारी उधारी एकाच मोठ्या गिऱ्हाइकाकडे ठेवू नये, हा उपदेश घरोघरी केला जातो. त्याचे उदाहरण येथे दगडांत उभे आहे.

पाहण्याचा क्रम

ही कथा उलगडत जावी असा क्रम ठेवल्यास प्रवासाला आपोआप सूत्र मिळते.

पहिला दिवस कॉन्वीला द्यावा. आठ भक्कम बुरुजांचा किल्ला आणि त्याला लागून सव्वा किलोमीटरहून लांब गावकोट येथे उभा आहे. कोटाला २१ बुरूज असून त्याच्या मोठ्या भागावरून चालत जाता येते. या जागी पूर्वी एक मठ होता आणि त्यात वेल्सच्या थोर राजपुत्राची समाधी होती. एडवर्डने मठ दुसरीकडे हलवला. त्याच्या प्रार्थनामंदिराचा काही अंश गावातील चर्चमध्ये अजून दिसतो. १२९४ च्या हिवाळ्यात वेल्समध्ये बंड झाले, तेव्हा स्वतः एडवर्ड या किल्ल्यात अडकून पडला आणि अन्नसाठा आटत गेला. हजारो पौंडांच्या भिंतींना भाकरीचा प्रश्न सोडवता आला नाही.

दुसरा दिवस कायर्नार्वनचा. येथील बुरूज गोल नसून बहुकोनी आहेत आणि भिंतींत रंगीत दगडांचे पट्टे आहेत. हा किल्ला राजाच्या दिमाखासाठी होता. १२८४ मध्ये येथेच राजपुत्राचा, म्हणजे पुढे दुसरा एडवर्ड झालेल्या राजाचा, जन्म झाला. किल्ल्याजवळच्या कोटबंद गावात इंग्लंडहून आणलेल्या वसाहतकऱ्यांना घरे आणि व्यापाराचे हक्क मिळाले. वेल्सच्या लोकांना तेथे नागरिकत्व नव्हते आणि आसपासचा व्यापार याच बाजारांतून करण्याचे बंधन त्यांच्यावर होते.

तिसरा दिवस हलका ठेवावा. लानबेरिस येथील तळ्याकाठी डोल्बाडार्न नावाचा एक गोल बुरूज आहे. तो एडवर्डचा नव्हे. वेल्सच्या राजपुत्रांनी तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेला आहे. पराभवानंतर त्याच्या लाकडी तुळया काढून कायर्नार्वनच्या बांधकामासाठी नेण्यात आल्या. जिंकलेल्यांचे चार किल्ले पाहताना हरलेल्यांचा हा एक बुरूज अवश्य पाहावा.

चौथ्या दिवशी हार्लेख. उंच कड्यावरील हा किल्ला आकाराने आटोपशीर आहे. एकेकाळी समुद्र कड्याच्या पायथ्याशी होता, म्हणून खडकातून खालच्या दरवाजापर्यंत १०८ पायऱ्यांची वाट काढलेली आहे. बंडाच्या काळात आयर्लंडहून गलबतांनी आणलेल्या धान्यावर हे ठाणे तगले. आता समुद्र दूर सरला आहे आणि पायथ्याशी रेल्वे स्थानक आहे.

पाचव्या दिवशी बोमॅरिस. बंड मोडल्यावर १२९५ मध्ये अँगलसी बेटावर हे काम सुरू झाले, म्हणजे रिकार्डी पेढी कोसळल्याच्या दुसऱ्याच वर्षी. रचनेच्या दृष्टीने हा चौघांत सर्वांत सुबक. एका तटाच्या आत दुसरा तट, भोवती पाण्याचा खंदक, आणि थेट दारापर्यंत गलबत येईल असा छोटा धक्का. फेब्रुवारी १२९६ मध्ये मास्टर जेम्स आणि त्याच्या सहकाऱ्याने राजाच्या खजिन्याकडे पाठवलेले पत्र उपलब्ध आहे. ४०० पाथरवट आणि २,००० मजूर कामावर आहेत, आठवड्याला २५० पौंड लागतील, मजुरांची देणी थकली आहेत आणि ती भागवायला ५०० पौंड हवे आहेत, असा त्याचा आशय. पैसा मात्र स्कॉटलंडच्या युद्धाकडे वळला. काम रखडत रखडत १३३० च्या सुमारास थांबले. बुरूज ठरलेल्या उंचीपर्यंत कधीच गेले नाहीत. किल्ल्याच्या माथ्याची ती सपाट, अर्धवट रेषा म्हणजे पतपुरवठा कोठे आटला याची खूण होय.

बोमॅरिसच्या शेजारी लानव्हाइस नावाचे गाव होते. वेल्सच्या लोकांचे ते भरभराटीचे बंदर. तेथे बाजार भरे, मासेमारी आणि नौकानयन चाले. नव्या किल्ल्याजवळ नवे इंग्रजी गाव वसवायचे म्हणून तेथील रहिवाशांना उठवण्यात आले आणि सुमारे १२ मैलांवर, बेटाच्या दुसऱ्या टोकाला वसवण्यात आले. त्या वस्तीचे नावच न्यूबरो, म्हणजे नवे गाव. १३०३ मध्ये तिला सनद मिळाली. पण पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली बंदरावरची पेठ सनदेने परत मिळत नाही. दुकान बसायला किती वर्षे लागतात हे ज्या घरांना ठाऊक आहे, त्यांना बोमॅरिसच्या देखण्या खंदकाकाठी उभे राहून या गोष्टीचे मोल अधिक कळेल.

ऋतू, परवाना आणि प्रवास

या सहलीसाठी जूनचा पहिला पंधरवडा सर्वांत सोयीचा. मेच्या अखेरीस तेथील शाळांना आठवडाभर सुटी असते, त्यामुळे गर्दी होते. ती ओसरल्यावर जावे. आपल्याकडील शाळा अजून सुरू व्हायच्या असतात आणि आषाढातील चातुर्मासालाही अवकाश असतो. त्या दिवसांत उत्तर वेल्समध्ये सूर्यास्त रात्री साडेनऊच्या सुमारास होतो. दिवसभर फिरून सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणे सहज जमते. हिवाळ्यात हाच सूर्य दुपारी चारला मावळतो. किल्ल्यांचे दरवाजे मात्र संध्याकाळी पाच-सहालाच बंद होतात, म्हणून दिवसाचा आरंभ लवकर करावा. पाऊस केव्हाही येतो. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट आणि न घसरणारे बूट उपयोगी.

ब्रिटनसाठी स्वतंत्र व्हिसा लागतो. युरोपचा शेंगेन व्हिसा तेथे चालत नाही. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्यात गर्दी असल्याने शेवटच्या आठवड्यावर विसंबू नये. लंडनच्या यूस्टन स्थानकातून कॉन्वीजवळच्या जंक्शनपर्यंत रेल्वेने सुमारे तीन-सव्वातीन तास लागतात. कायर्नार्वन आणि बोमॅरिस येथे मुख्य रेल्वेमार्ग पोहोचत नाही. मोठ्या कुटुंबाला भाड्याची गाडी बरी. तेथेही वाहने डाव्या बाजूने चालतात आणि पर्यटकाला भारतीय परवान्यावर वर्षभरापर्यंत गाडी चालवता येते. मोटारीने जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून लेस्टर शहरात एक दिवस थांबावे. तेथील १९८८ चे जैन मंदिर एका जुन्या चर्चच्या वास्तूत उभे आहे आणि श्वेतांबर व दिगंबर दोन्ही परंपरांच्या प्रतिमा तेथे एकाच छताखाली आहेत.

हे चारही किल्ले वेल्स सरकारच्या ‘कॅडू’ या संस्थेकडे आहेत. वेल्श भाषेत या शब्दाचा अर्थ राखणे, जतन करणे. वेगवेगळी तिकिटे काढण्यापेक्षा संस्थेचा अनेक दिवसांचा एकत्रित पास घेतल्यास बचत होते.

स्वयंपाक आणि वडीलधारी

हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेले एकच घर सहा रात्रींसाठी घ्यावे. कॉन्वीच्या आसपास मुक्काम ठेवल्यास हार्लेखसह सर्व किल्ले एका दिवसात जाऊन-येऊन होतात. बाहेरच्या खाण्यात सावधगिरी लागते. लीक ही कांद्याच्या कुळातील पात वेल्सचे राष्ट्रीय चिन्ह आहे, त्यामुळे सुपांत ती हमखास असते. बटाटा तर सर्वत्र. वेल्श रेअरबिट हा चीज-पावाचा पदार्थ शाकाहारी भासतो, पण पारंपरिक कृतीत बिअर आणि मासळीचा अंश असलेला वूस्टर सॉस पडतो. घरून खाकरा, डाळी, मसाले न्यावेत. दुग्धजन्य पदार्थ भारतातून नेण्यास तेथे मनाई असल्याने पेढे आणि तूप बॅगेत ठेवू नये.

आखणी करताना घरातील सर्वांत मंद चालणाऱ्या व्यक्तीची गती आधी विचारात घ्यावी. मध्ययुगीन जिने अरुंद, गोल आणि पावसात निसरडे असतात. आजीला दारातल्या बाकावर बसवून बाकीचे बुरुजावर चढतात, अशी सहल निम्म्या घराचीच होते. बोमॅरिसची जमीन सपाट आहे. खंदकाकाठी आणि आतल्या चौकात चाकाच्या खुर्चीनेही फिरता येते. हार्लेखला नव्या पुलावरून दरवाजापर्यंत जाता येते. कायर्नार्वनच्या राजद्वारात २०२३ पासून लिफ्ट आहे, त्यामुळे वरच्या गच्चीवरून दिसणारा देखावा वृद्धांनाही लाभतो. कॉन्वी सर्वांत अवघड. तेथे ज्येष्ठांसाठी नदीकाठचा फेरफटका ठेवावा.

मुलांच्या हाती मात्र एक कोरी वही द्यावी. डाव्या पानावर प्रत्येक किल्ल्याने राजाला काय दिले ते जमा करावे. उजव्या पानावर त्यासाठी कोणाकडून काय गेले ते नावे टाकावे : लुकाची पेढी, डोल्बाडार्नच्या तुळया, थकलेली मजुरी, लानव्हाइसची पेठ. कायर्नार्वनच्या पानावर अखेरीस एक नोंद आवर्जून करावी. ज्या कोटाच्या आत एकेकाळी वेल्सच्या माणसाला नागरिकत्व नव्हते, त्या गावात आज बहुसंख्य लोक वेल्श भाषा बोलतात. दुकानदार गिऱ्हाइकाशी त्याच भाषेत बोलतो, मुले तिच्यातच खेळतात. एडवर्डचे ठाणे उठून गेले. भाषा तेथेच राहिली. ही नोंद कोणत्या पानावर करायची, हे मुलांनाच ठरवू द्यावे.