रोज पहाटे भरती कशाला?

आमच्या तालुक्यात पहाटे साडेचारला रस्त्यावर दोनच प्रकारची माणसे दिसतात. एक दुधाचे कॅन लादून निघालेली, आणि दुसरी भरतीसाठी पळणारी. ह्या दुसऱ्या प्रकारातील बरीच मुले आपल्याच महाविद्यालयाच्या हजेरीपटावर आहेत. त्यांच्या जिद्दीचे कौतुक वार्षिक अंकात दरवर्षी कोणी ना कोणी करतोच. यंदा मला ते करायचे नाही. मला त्यांच्याविषयी एक तक्रार मांडायची आहे, आणि तिच्या पोटात आपल्या महाविद्यालयाविषयीही एक तक्रार आहे. ही मुले पळतात फार, पण पळण्याची तयारी करीत नाहीत. ती रोज पहाटे भरतीच देतात.

ज्यांचा ह्या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सैन्यभरतीच्या मैदानी चाचणीचा कणा म्हणजे १६०० मीटरची धाव. ४०० मीटरच्या मैदानाला चार फेऱ्या. कित्येक वर्षे हिशेब असा चालत आला की, साडेपाच मिनिटांच्या आत शेवटची रेषा ओलांडली तर ६० गुण, आणि तेथून पावणेसहा मिनिटांपर्यंत ४८. २०२५ च्या भरतीत सव्वासहा मिनिटांपर्यंत आणखी दोन गट ठेवले गेले. पण गुण पायरीपायरीने उतरतच जातात. उरलेले ४० गुण पुलअप्सचे. नऊ फुटांचा चर आणि नागमोडी पट्टीवरचा तोल ह्यांना गुण नाहीत, ते नुसते पार करायचे. पोलीस भरतीतही मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर आहेतच. लष्करी पोलीस दलाचे दार मुलींसाठी २०१९ मध्ये उघडले आणि पहिल्या ८३ जणी मे २०२१ मध्ये बंगळुरूहून प्रशिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. त्याही १६०० मीटर धावूनच आत गेल्या होत्या.

२०२३ पासून सैन्यभरतीचा क्रम बदलला. आधी संगणकावरची लेखी परीक्षा, मग मैदान. म्हणजे वर्षभर गणित आणि सामान्यज्ञान घोकून जो मुलगा परीक्षा उतरला, त्याचे पुढचे सारे एका सकाळच्या साडेपाच मिनिटांवर येऊन ठेपते. पंधरा सेकंदांत बारा गुण जातात आणि वयाचे एक वर्षही जाते. (चार वर्षांच्या अग्निवीर योजनेबद्दल माझे मत निराळे आहे, तो विषय येथे नको.)

आता हा हिशेब पाहा. साडेपाच मिनिटे म्हणजे ३३० सेकंद. भागिले चार, म्हणजे एका फेरीला साडेब्याऐंशी सेकंद; शंभर मीटरला साधारण साडेवीस. ह्या वेगाने शंभर मीटर पळायला आपल्या वसतिगृहातील कोणालाही सांगा, तो हसत पळेल. अवघड आहे ते हेच शंभर मीटर ओळीने सोळा वेळा त्याच वेगाने पळणे. आणि मुले नेमके तेच कधी करीत नाहीत. शिट्टी झाली की पहिली फेरी अशी मारायची की जणू पाठीमागे कुत्रे लागले आहे. प्रत्यक्ष भरतीत एकेका तुकडीत शे-दोनशे मुले एकदम सुटतात, गर्दीत मागे अडकण्याची भीती असते, हे मला मान्य आहे. पण ती भीती शंभर मीटरांत संपायला हवी, तिला चारशे मीटर कशाला द्यायचे?

मी स्वतः आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत १५०० मीटर धावतो, त्यामुळे खोलीवरची मुले मला घड्याळ धरायला उभे करतात. एका मित्राच्या चार फेऱ्यांच्या वेळा मी वहीत टिपल्या होत्या : ७१, ८४, ९५, ९३. एकूण ५ मिनिटे ४३ सेकंद. तो पायावर मूठ मारीत म्हणाला, “माझ्यात दमच नाही रे.” दम होता. पहिल्या फेरीत अकरा सेकंद वाचवून त्याने पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत व्याजासकट चोवीस सेकंद फेडले होते. दीड महिन्यानंतर त्याच वहीत त्याच्याच नावापुढे ८३, ८३, ८४, ७९ असे आकडे आहेत. बेरीज ज्याची त्याने करावी.

ह्या दीड महिन्यात त्याने काय केले? पहिली गोष्ट, सोळाशे मीटर घड्याळ लावून पळणे बंद केले. आमच्याकडे समजूत अशी आहे की, साडेपाच मिनिटांत पळायचे असेल तर रोज साडेपाच मिनिटांत पळण्याचा प्रयत्न करावा. हे म्हणजे परीक्षेची तयारी म्हणून रोज तीन तासांची प्रश्नपत्रिका सोडवीत बसावे आणि पुस्तक उघडूच नये, तसे झाले. पाच-सहा मिनिटे चालणाऱ्या धावेत शरीराला लागणाऱ्या शक्तीचा चार-पंचमांशाच्या आसपास वाटा श्वासावाटे घेतलेल्या प्राणवायूच्या बळावर येतो. ती ताकद हृदयात, फुप्फुसांत आणि स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्यांत हळूहळू साठते. आणि साठते ती सावकाश, लांब पळण्याने. सावकाश म्हणजे किती? शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतके. आमच्या मुलांना ह्याचीच लाज वाटते. कोणी पाहिले तर म्हणेल, हा काय पळतोय!

न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड ह्यांना अशी लाज वाटत नसे. त्यांचा शिष्य पीटर स्नेल हा ८०० मीटरचा धावपटू. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले, १९६४ मध्ये टोकियोला ८०० आणि १५०० दोन्ही जिंकले. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी लिडियार्ड त्याला डोंगररस्त्यांवर वीस-बावीस मैल पळवीत. आम्हांला बावीस मैलांची गरज नाही. पण आठवड्यातून तीन दिवस सहा-आठ किलोमीटर निवांत पळायला काय हरकत आहे?

वेगाचे काम आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. त्याचा उत्तम नमुना रॉजर बॅनिस्टरचा. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला त्याने मैलाची धाव ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पूर्ण केली. मैल म्हणजे १६०९ मीटर, आपल्या भरतीपेक्षा नऊच मीटर जास्त. हा गृहस्थ वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी. दुपारच्या सुट्टीत जेमतेम अर्धा-पाऊण तास सराव करी. एक फेरी ठरल्या वेळात पळायची, दोन मिनिटे विसावा, पुन्हा फेरी, अशा दहा फेऱ्या. फेरीची वेळ महिन्यामहिन्याने एकेक सेकंद खाली आणायची. एप्रिलमध्ये ती साठ सेकंदांच्या खाली येईना, तेव्हा तो मित्राबरोबर स्कॉटलंडमध्ये कडे चढायला निघून गेला. तीनचार दिवसांनी परतला आणि एकोणसाठ सेकंद जमले. शर्यतीपूर्वीचे शेवटचे काही दिवस तर तो मुळीच पळाला नाही. माझ्या मित्राने हीच रीत आपल्या मापाने घेतली. ब्याऐंशी सेकंदांच्या आधी चार, मग सहा, मग आठ फेऱ्या, मध्ये दोन मिनिटे चालणे. आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांती. ह्या विश्रांतीवर त्याच्या वडिलांचे आणि माझे भांडण झाले, ते सोडा.

विश्रांती हा शब्द काढला की मुलांना तो आळसाचा वाटतो, ही सर्वांत मोठी अडचण. डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या कॅनव्हासच्या बुटांत, महिनाभर रोज जीव तोडून पळाले की नडगी दुखू लागते. ती हाडाची तक्रार असते. ऐकली नाही तर हाडाला बारीक तडा जातो आणि तीन महिने घरी बसावे लागते. मुले मात्र वेदनाशामक गोळी घेऊन पळतात. हजारो रुपये फी घेणाऱ्या एका अकॅडमीत तर दुखणाऱ्या मुलाला सर्वांसमोर बायकी म्हणून हिणवले जाते, हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. (त्या शब्दाचा अर्थ पहिल्या ८३ जणींना विचारावा.) झारखंडमध्ये २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत दहा किलोमीटर धावताना दहाहून अधिक उमेदवार दगावले. त्याच्या कारणांवर खूप वादंग झाले. मला एवढेच दिसते की, दमट उकाड्यात जिवाच्या करारावर धावायला उभे राहणाऱ्या तरुणांना, शरीर कधी थांब म्हणते ते ओळखायला कोणी शिकवलेले नसते.

आमच्या वसतिगृहात अविनाश साबळे ह्यांचे नाव देवासारखे घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्यांचे गाव. पण मुले एक गोष्ट विसरतात. साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेले, सियाचिनसारख्या ठिकाणी नोकरी केली, आणि स्पर्धेसाठी धावायला लागले ते २०१५ च्या सुमारास, सैन्याच्या क्रॉसकंट्रीपासून. राष्ट्रकुल स्पर्धेतले रौप्यपदक आले २०२२ मध्ये, आशियाई स्पर्धेतले सुवर्ण २०२३ मध्ये. सात-आठ वर्षांचे, शिकवणारा माणूस पाठीशी असलेले काम होते ते. आमच्या मुलांना सात वर्षे नकोत, चार महिने पुरतील. पण शिकवणारा हवा, आणि पळायला जागा हवी.

जागेचे सांगायचे तर, २०२२ च्या मार्चमध्ये नोएडात रात्री कामावरून सुटून दहा किलोमीटर पळत घरी जाणाऱ्या एका मुलाची चित्रफीत साऱ्या देशाने पाहिली. त्यालाही सैन्यात जायचे होते. सर्वांनी वाहवा केली. त्याला वाहनांच्या मधूनच का पळावे लागते, हे विचारणारे थोडेच निघाले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या गडचिरोली जिल्ह्यात काटलीजवळ, आरमोरी मार्गाच्या कडेला पहाटे व्यायाम करणाऱ्या मुलांना ट्रकने चिरडले. चार मुले गेली. त्या बातमीनंतर आठ दिवस आमच्या वसतिगृहातला एकही मुलगा रस्त्यावर गेला नाही. नवव्या दिवशी सगळे पुन्हा गेले. जाणार कोठे?

आणि इकडे आपले पटांगण! चांगले मोठे, मऊ मातीचे, चोहोबाजूंनी कुंपण. सकाळी आठपर्यंत फाटकाला कुलूप. वार्षिक क्रीडास्पर्धांच्या तीन दिवसांपुरती फक्की पडते, मग पावसात धुऊन जाते. मी ही गोष्ट काढली तेव्हा एक प्राध्यापक म्हणाले, “महाविद्यालय म्हणजे भरतीचे केंद्र नव्हे, आधी वर्गात बसा.” सरांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. पहाटे साडेचारला रस्त्यावर जीव काढून आलेला मुलगा अकराच्या तासाला पेंगतो, हे खरेच आहे. पण तो आठवड्यातून दोन दिवस जोरात आणि तीन दिवस निवांत पळू लागला तर पेंगणार नाही, असेही मला दिसते. माझ्या वहीतला तो मित्र सध्या तासांना बसतो. शिवाय विद्यापीठाच्या संघात निवड झालेल्याला आपण ब्लेझर देतो, सत्कार करतो. सोळाशे मीटर धावून पोट भरू पाहणाऱ्याला निदान फाटक तरी उघडावे.

माझे मागणे मोठे नाही. दर सोमवारी ४०० मीटरची फक्की नव्याने मारावी. सकाळी साडेपाच ते सात पटांगण उघडे असावे. मुलींना अंधारात रस्त्यावर पळायला घरून परवानगी मिळत नाही, त्यांना तर ह्याचा अधिकच उपयोग होईल. शारीरिक शिक्षणाच्या सरांनी आठवड्यातून एक दिवस तासभर यावे, नडगी दुखणाऱ्याला थांबवावे आणि पहिल्या फेरीत सुसाट सुटणाऱ्याला ओरडून मागे खेचावे. बाकीचे दिवस घड्याळ धरायला मी आहे. माझी तृतीय वर्षाची परीक्षा एप्रिलमध्ये संपेल. तोपर्यंत किल्ली माझ्याकडे दिली तरी चालेल, वसतिगृहातून फाटक दोन मिनिटांवर आहे.