मुद्दाम कच्चे ठेवलेले कुलूप

मोबाइलवरून पैसे पाठवताना आपली माहिती वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून ती सांकेतिक रूपात जाते. हे काम करणारे सॉफ्टवेअर १९९० च्या दशकात अमेरिकेच्या कायद्याने चक्क युद्धसामग्रीच्या यादीत घातले होते, रणगाडे आणि क्षेपणास्त्रांच्या पंगतीला. परवान्याशिवाय ते देशाबाहेर पाठवणे हा गुन्हा होता.

फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये ‘पीजीपी’ हा ईमेल सुरक्षित करणारा प्रोग्रॅम फुकट वाटला. तो परदेशात पोहोचला आणि त्यांच्यामागे चौकशी लागली. १९९६ मध्ये आरोप न ठेवताच ती गुंडाळण्यात आली. गंमत अशी की, निर्बंध सॉफ्टवेअरवर होता, छापील पुस्तकावर नव्हता. तेव्हा त्याच प्रोग्रॅमचे पुस्तक छापले गेले. पुढच्या आवृत्तीची पुस्तके तर रीतसर युरोपात गेली आणि १९९७ मध्ये तिथल्या स्वयंसेवकांनी पान न् पान स्कॅन करून पुन्हा प्रोग्रॅम तयार केला. गणित सीमेवर अडवता येत नाही, हे कस्टमच्या शिपायालाही कळले असते.

पण हसून सोडून देण्याजोगे हे प्रकरण नाही. निर्यात करायची तर चावी छोटी ठेवा, अशी अट होती. म्हणून नेटस्केप ब्राउजरच्या अमेरिकी आवृत्तीत १२८ बिटांची चावी असे आणि बाकी जगासाठी ४० बिटांची. ४० बिट म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता. आकडा मोठा वाटतो. पण प्रत्येक वाढीव बिटागणिक शक्यता दुप्पट होतात, त्या हिशेबात तो अगदीच किरकोळ. १९९५ मध्ये फ्रान्समधल्या एका संशोधकाने शंभरेक संगणकांना कामाला लावून असा एक संदेश आठ दिवसांत फोडला.

२००० मध्ये हे निर्बंध बरेच सैल झाले. कच्ची कुलपे मात्र सॉफ्टवेअरच्या पोटात तशीच राहिली, कारण जुन्या संगणकांशी जुळवून घ्यायचे म्हणून ती कोणी काढलीच नाहीत. मार्च २०१५ मध्ये ‘फ्रीक’ नावाची त्रुटी उघड झाली. ब्राउजर आणि संकेतस्थळ यांच्या मध्ये बसलेला हल्लेखोर दोघांनाही फसवून निर्यातीच्या काळातल्या दुबळ्या चावीवर आणू शकत होता. ती चावी भाड्याच्या संगणकांवर काही तासांत, सुमारे शंभर डॉलरमध्ये फुटे. हे जुने कुलूप चालवून घेणाऱ्यांत अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे, एनएसएचे, संकेतस्थळही होते! परक्यांसाठी केलेली फट घरच्यांनाही लागू पडली.

आपण हसण्याआधी एक आठवावे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या केंद्र सरकारने एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आणला. नागरिकांनी आपले संदेश ९० दिवस साध्या, वाचता येण्याजोग्या रूपात जपून ठेवावेत, असे त्यात होते. ओरड झाली आणि काही दिवसांतच मसुदा मागे घेतला गेला. त्यात आणखी एक कलम होते: कोणती पद्धत वापरायची आणि चावी किती लांब असावी, हे सरकार वेळोवेळी अधिसूचनेने ठरवणार. मला ९० दिवसांपेक्षा याच कलमाची जास्त धास्ती वाटते.