अब्बांची फियाट कोणाची?

घरातले वडीलधारे गेले की चाळिसाव्यानंतर हळूहळू वाटणीचा विषय निघतो. घर, वाडी, बँकेतली रक्कम, अम्मीचे दागिने यांची यादी होते. पण काही वस्तू त्या यादीत येतच नाहीत. अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी गाडी ही त्यातलीच एक. तिला कुणी तरका म्हणत नाही. तिला ‘अब्बांची आठवण’ म्हणतात. आठवणीचे हिस्से कसे करणार, असे म्हणून सगळे गप्प बसतात आणि ज्याचा आवाज मोठा, त्याच्या मनासारखे होते.

आमच्या शाळेतल्या एका सहकारी बाजींच्या माहेरी असेच झाले. माहेर खेड तालुक्यातले. वालिद मरहूम कुवेतला नोकरी करत होते. तिथल्या कमाईतून त्यांनी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी घेतली. गावात ती पहिल्या काही गाड्यांपैकी एक. गावात कुणाला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचे असले की हीच गाडी निघायची. लग्नात नवरदेवही हिच्यातूनच यायचा. पुढे अब्बांचे डोळे अधू झाले आणि गाडी फणसाखाली उभी राहिली. कोकणातला पाऊस वर्षामागून वर्षे तिच्यावर पडला. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. अब्बा अल्लाहला प्यारे झाले आणि दोन वर्षांनी दोघा भावांत वाद सुरू झाला. थोरले म्हणत, विकून टाकू. धाकटे म्हणत, नव्यासारखी करू.

या गाडीत असे काय आहे, हे तरुण वाचकांना सांगायला हवे. इटलीच्या फियाट कंपनीच्या ११०० या मॉडेलवरून वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार केली. सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले, तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि स्टिअरिंगलाच लावलेला गिअर, ही तिची ओळख. त्या काळी पैसे भरूनही गाडीसाठी काही वर्षे थांबावे लागे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हा अनेकांचे डोळे पाणावले. आपल्या किती घरांची चूल या टॅक्सीच्या स्टिअरिंगवर पेटली, हे वेगळे सांगायला नको. म्हणून धाकट्या भावाची ओढ आम्हाला कळते. तिची थट्टा करावी असे तिच्यात काही नाही.

त्यांनी मिस्त्री बोलावला. पत्राकाम, इंजिन, वायरिंग, सीट, रंग मिळून अडीच ते तीन लाखांचा अंदाज निघाला. दुसरीकडे भंगारवाला २० हजारांवर अडला होता. जुन्या गाड्यांचा शौक असलेले मुंबईचे एक गिऱ्हाईक मात्र एक लाख द्यायला तयार होते. गाडी ट्रकवर चढवून नेण्याचे ४ हजार वजा जाता ९६ हजार हातात येणार होते. शेवटी धाकट्याचे म्हणणे चालले. अब्बांच्या बँक खात्यात पैसे होते आणि खात्यावर नॉमिनी म्हणून थोरल्यांचे नाव होते. त्यातून ५० हजार काढून मिस्त्रीला उचल द्यायचे ठरले.

हे बाजींना फोनवर कळले. त्या वेळी त्या मुलीच्या नर्सिंगच्या फीची तजवीज करत होत्या. मधल्या सुट्टीत त्या आम्हाला एवढेच म्हणाल्या, “गाडी माझ्याही पैशांनी बनतेय. मला कुणी विचारलंच नाही.”

विकायची की दुरुस्त करायची, हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, गाडी कोणाची?

शरियतने याचा क्रम घालून दिला आहे. मरहूमच्या मालमत्तेतून आधी कफन-दफनाचा खर्च निघतो. मग कर्ज फेडायचे. बीबीचा मेहर बाकी असेल तर तेही कर्जच आहे, हे आपण सहज विसरतो. त्यानंतर वसियत असेल तर ती एक तृतीयांशापर्यंत पुरी करायची. उरलेले सगळे वारसांचे. सगळे म्हणजे घरापासून गाडीपर्यंत, अगदी गाडीतल्या पान्यांच्या पेटीपर्यंत. सूरह निसामध्ये हे हिस्से स्पष्ट सांगितले आहेत.

बाजींच्या घराचा हिशोब सोपा होता. मेहर अदा झालेला, कर्ज नाही, वसियत नाही. वारस म्हणजे अम्मी, दोन भाऊ आणि दोन बहिणी. मुले आहेत म्हणून अम्मीचा आठवा हिस्सा. ९६ हजारांत तो १२ हजार होतो. उरले ८४ हजार. मुलाला दोन भाग आणि मुलीला एक भाग, असे एकूण सहा भाग. एक भाग १४ हजारांचा. म्हणजे दोन्ही बहिणींना १४-१४ हजार आणि दोन्ही भावांना २८-२८ हजार. सातवी-आठवीचा विद्यार्थी फळ्यावर सोडवील असे हे गणित आहे. अवघड असते ते फक्त मांडायला बसणे.

नॉमिनीबद्दलही एक मोठा गैरसमज आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेने रक्कम कोणाच्या हातात द्यायची एवढ्यापुरते ते नाव असते. आपल्या देशाचा कायदाही हेच सांगतो. ती रक्कम वारसांची अमानत आहे. अमानतीतून एका भावाचा शौक पुरा करायचा, मग तो शौक कितीही नेक असो, याला काय म्हणायचे ते वाचकांनीच ठरवावे.

यावर घरोघरी एक ठरलेले उत्तर मिळते, “बहिणींनी हक्क सोडलाय.” बहीण हक्क सोडते तेव्हा पुष्कळदा तिच्या डोळ्यांसमोर माहेरचा उंबरठा असतो. १४ हजारांसाठी भावाचे घर तुटेल, ही भीती असते. भीतीने गप्प राहणे म्हणजे राजीखुशीने देणे नव्हे. आधी तिचा हिस्सा तिच्या हातात ठेवा. मग ती परत देत असेल, तर ती तिची मर्जी आणि तिची नेकी.

एवढे झाले की दुसरा प्रश्न आपोआप सोपा होतो. ज्याला गाडी ठेवायची आहे, त्याने बाजारभाव धरून बाकीच्यांचे हिस्से घ्यावेत आणि गाडी आपल्या नावे करावी. वारसांनी आपसात राजीखुशीने मोबदला घेऊन हिस्सा सोडण्याला फिक्हमध्ये ‘तखारुज’ म्हणतात. आपल्या गावच्या मुफ्तीसाहेबांना विचारून ते कागदावर करावे. कोणीच घ्यायला तयार नसेल, तर विकून पैसे वाटावेत.

गाडी ठेवणाऱ्याने मात्र पैसे टाकण्यापूर्वी काही गोष्टी डोळसपणे पाहाव्यात. फियाटच्या बांधणीत सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावरच असतो. रंग उडालेला चालतो, पण खालचा पत्रा आणि दारांखालच्या पट्ट्या सडल्या असतील तर खर्च वाढतच जातो. इंजिन वर्षानुवर्षे बंद असेल तर सरळ स्टार्टर मारू नये. आधी मिस्त्रीकडून ते हाताने फिरते का, हे पाहून घ्यावे. पेट्रोलची टाकी आतून गंजलेली असते. ब्रेकचे सिलिंडर आणि रबरी नळ्या बदलाव्याच लागतात. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात पुष्कळ सामान मिळते, पण शोधायला चपला झिजवाव्या लागतात.

कागदांचे काम त्याहून निकडीचे. मालक वारल्यावर गाडी ज्याच्या ताब्यात आली, त्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करायची, असा नियम आहे. बाकीच्या वारसांची ना-हरकतही सहसा मागतात. म्हणजे सरकारी कागदसुद्धा ‘बहिणीला विचारलेत का?’ असेच विचारतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर येतो. भंगारात द्यायची असेल तर सरकारमान्य केंद्रात द्यावी, प्रमाणपत्र घ्यावे आणि नोंदणी रद्द करून घ्यावी. नाहीतर गाडी मोडली तरी कागदावर मरहूमच्या नावे चालतच राहते.

‘व्हिंटेज झाली की किंमत वाढेल’ ही आशाही तपासून घ्यावी. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच व्हिंटेज ठरते. १९८४ च्या गाडीला त्यासाठी २०३४ उजाडेल. शिवाय व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. लग्नसराईत भाड्याने देऊन खर्च काढू म्हणाल, तर खासगी पाटीची गाडी भाड्याने देता येत नाही. म्हणून हा धंदा नव्हे, शौक आहे, हे कबूल करून पुढे जावे. हलाल कमाईतला शौक ऐपतीत असेल तर हरकत नाही. घरात फी थकलेली, औषध उधार आणि अंगणात क्रोम चमकते आहे, हा इसराफ झाला.

बाजींच्या घरी पुढे काय झाले? थोरल्यांनी खात्यातली रक्कम जशी होती तशी वाटून टाकली. मिस्त्रीची उचल दिलीच नाही. धाकट्यांनी ९६ हजारांचा भाव मान्य केला आणि बाकी चौघांचे ६८ हजार दोन हप्त्यांत चुकते केले. बाजींचे १४ हजार मुलीच्या फीत गेले. धाकट्या बहिणीने आपले पैसे घेतले आणि त्यातले ५ हजार खुशीने भावाच्या हातात ठेवले, “टायर घे” म्हणाली. गाडी आता चालते. रंगाला पैसे उरले नाहीत, म्हणून ती अजून करड्या अस्तरातच फिरते. ईदला भाऊ तीच घेऊन बहिणींकडे गेला.

तुमच्याही अंगणात अशी एखादी गाडी, बंद पडलेला ट्रॅक्टर किंवा अब्बांची बुलेट उभी असेल. मिस्त्रीला किंवा गिऱ्हाईकाला बोलावण्यापूर्वी एक कोरा कागद घ्या, त्यावर सगळ्या वारसांची नावे लिहा आणि बहिणींना स्वतः फोन करा. मरहूमच्या मगफिरतीची दुआ आपण रोज करतो. त्यांच्या मालाचा हिशोब चोख ठेवणे, हीही त्यांचीच खिदमत आहे. अल्लाह आपल्या सर्वांना तौफीक देवो. आमीन.